आवाजांचा महिन्याचा वाटा

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीनं विचारलं, "अज्जी, तू वेबसाइट मधेच बंद का करायचीस?" तेवढ्यात तुमच्या आईनं तिला जेवायला हाक मारली आणि उत्तर राहून गेलं. दिवसभर तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी बंद करायचे! एकदा हाती घेतलेलं काम मी मधेच टाकलं असं आजवर घडलेलं नाही, आणि माझ्याच नातवंडांनी असं समजावं हे मला सहन होणार नाही. म्हणून हे लिहिते आहे. राग अजून ताजा आहे तोवरच लिहिते. चार महिने गेले की मी समजूतदारपणे लिहीन, आणि या बाबतीत मला समजूतदार व्हायचं नाही.

तुम्ही ज्या वेबसाइटवर आपल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज ऐकता, ती आपल्या मंडळाची आहे. मंडळ म्हणजे म्हैसूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या रंगाऱ्यांच्या घरांचं. आता रंगाचं काम कुणाकडेच नाही. कुणाचं साड्यांचं दुकान आहे, कुणाचा छापखाना, कुणाची शिकवणी, बाकीचे बँकेत नाही तर शाळेत. पण मंडळ आहे, मंडळाचं कार्यालय आहे, आणि या मंडळानं इंटरनेटवर एक जागा भाड्यानं घेतलेली आहे. एकाच सर्व्हरवर सगळ्यांच्या वेबसाइट नांदतात. साड्यांच्या दुकानाची एक, छापखान्याची एक, कार्यालय भाड्यानं देण्याची एक, लग्न जुळवण्याची एक. आणि आपली आवाजांची.

आवाजांची कल्पना माझी. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं होतं आणि माझं मराठी पुस्तकातलं होतं. इथलं घरचं मराठी मला कळायचं नाही. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मधे कन्नडमधून एक फेरफटका मारून यायचं आणि शेवटी कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नसायचा. ते मला शिकवलं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, तुमच्या दोड्डज्जींनी. मी चुकले की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या आणि म्हणायच्या, "इंग्लिश बाई, सुम्ने बस. आधी ऐक." सुम्ने म्हणजे उगी. मी उगी बसून ऐकलं म्हणूनच शिकले. पुढे शाळेतून निवृत्त झाल्यावर लक्षात आलं की असं बोलणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि तुमच्यासारखी मुलं कुठे कुठे पांगली आहेत. तेव्हा मी घरोघरी जाऊन त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला लागले. काय वाटेल ते बोला म्हटलं. लोणचं कसं घालायचं, रंगाची भट्टी कशी पेटवायची, कुठल्या चुलत सासूनं कुणाच्या लग्नात काय तमाशा केला.

सगळ्यांत जास्त बोलल्या त्या जाऊबाई. त्या म्हैसूरजवळ बन्नूरला राहतात, मुलाच्या कापडदुकानाच्या मागे. मी बसनं जायचे, मशीन त्यांच्यापुढे ठेवायचे, आणि त्या दर वेळी गोष्ट सुरू करायच्या आधी मला विचारायच्या, "जेवलीस काय गं?" मी मानेनं हो म्हणायचे, कारण मशीन चालू असायचं. त्यांना ते पटायचं नाही. "तोंडानं सांग की!" मग मी तोंडानं सांगायचे. तुम्ही प्रत्येक गोष्टीच्या आधी ऐकता तो माझा हळू "हो, जेवले" तिथलाच.

गेल्या वर्षी जाऊबाईंना अर्धांगाचा झटका आला. हातपाय पुष्कळसे सुधारले, वाचा मात्र गेली. सगळं समजतं, पण शब्द ओठांवर येत नाही. म्हैसूरमध्ये वाचा सुधारण्याचे उपचार करणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्या स्वभावानं चांगल्या, पण त्यांना मराठी येत नाही, आणि येत असतं तरी आपलं मराठी आलं नसतं. त्यांनी विचारलं, "यांच्या घरच्या भाषेत बोललेलं काही आहे का? रोज ठरलेल्या वेळी तेच ऐकवा, आणि त्यामागून म्हणायचा प्रयत्न करू द्या. वेगवेगळं नको, तेच तेच." मी म्हटलं, बाई, यांच्या स्वतःच्याच गोष्टी आहेत! त्या बाईंनी आनंदानं टेबलावर थाप मारली.

तेव्हापासून जाऊबाईंची सून रोज दुपारी दुकान बंद असताना फोनवर आपली वेबसाइट उघडायची आणि जाऊबाई स्वतःचाच आवाज ऐकत बसायच्या. पहिले काही आठवडे नुसतेच ओठ हलत. मग घशातून आवाज यायला लागला. सून मला फोनवर सांगायची, "काकू, आज 'भट्टी'मधला 'भ' आला." मी इथे खुर्चीतून उठून उभी राहायचे.

आणि मग सुनेचे फोन येणं थांबलं. मला वाटलं, दुकानाची गर्दी असेल. लोकांना आपण सारखं विचारू नये, म्हणून मी विचारलं नाही. शेवटी न राहवून बन्नूरला गेले. दुपारची वेळ होती. जाऊबाई खाटेवर बसल्या होत्या, फोन त्यांच्या डाव्या हातात होता. पांढऱ्या पानावर इंग्रजीत एकच ओळ होती, की या वेबसाइटची महिन्याची मर्यादा संपली आहे. जाऊबाई त्या ओळीवर बोटानं टकटक करत होत्या, दार वाजवावं तशा. मला पाहिलं आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

मी सुनेला विचारलं, "हे कधीपासून?"

"दर महिन्याला होतं की काकू. वीस-बावीस तारखेच्या सुमाराला जातं, आणि एक तारखेला आपोआप येतं. तेवढे दिवस बंद."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

ती खाली बघून म्हणाली, "तुम्हीच बंद करत असाल असं वाटलं. तुम्हाला पण खर्च असेल की. कसं विचारायचं?"

दर महिन्याचे आठ-दहा दिवस. थोडेफार शब्द यायला लागावेत आणि मधे इतका खंड पडावा. एक तारखेला पुन्हा ओठ हलवण्यापासून सुरुवात. सून म्हणाली, "महिनाअखेरीला त्या रागावतात, जेवत नाहीत." जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटत होतं की मी त्यांचा आवाज काढून घेतला आहे. मला त्यांना समजावून सांगता आलं नाही, कारण मलाच काही माहीत नव्हतं.

सुनेच्या फोनमध्ये मावतील तेवढ्या गोष्टी मी दुसऱ्या दिवशी माझ्या संगणकावरून पाठवून दिल्या. म्हणजे बन्नूरचं त्या दिवसापुरतं भागलं. पण प्रश्न तिथे संपला नाही, उलट माझ्यापुढे तो तिथे सुरू झाला. ही मर्यादा कुणी घातली?

आपल्या मंडळाच्या सर्व्हरचं काम एक गृहस्थ बघतात. हूटगळ्ळीला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, केस पिकलेत, मुलगी कॉलेजात आहे. शाळेत माझ्या वर्गात होते, म्हणून अजून मला मिस म्हणतात. मी फोन केला.

"मिस, ते मीच लावलंय," ते अगदी सहज म्हणाले. "सर्व्हरवरून महिन्याला जेवढा डेटा बाहेर जातो, त्याचा एक कोटा असतो. एकच साइट सगळा खाऊन टाकू नये म्हणून मी प्रत्येक साइटला वेगळी लिमिट लावली. लिमिट संपली की ती साइट एक तारखेपर्यंत बंद. बाकीच्यांना त्रास नको."

"आणि आमची लिमिट सगळ्यांत लहान का?"

"मिस, लॉग बघितला मी. तुमच्या साइटवर रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून, त्याच त्याच फाइल उघडल्या जात होत्या. बन्नूरच्या बाजूनं. तो बॉट आहे, म्हणून लिमिट वाढवून घेतली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मशीन. माणूस नाही. सुम्ने डेटा ओढत असतं. माणूस रोज तीच गोष्ट परत परत ऐकत नाही की."

बाळांनो, मी वर्गात मुलांवर कधी ओरडले नाही. आवाज खाली नेला की मुलं गप्प होतात हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तसाच आवाज खाली नेऊन मी सांगितलं, "तुमच्या लॉगमधलं ते मशीन म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत."

मग ते म्हणाले, "अय्यो मिस, सॉरी." ते मनापासून म्हणाले, हे मी मान्य करते. पण पुढच्याच वाक्याला पुन्हा मूळ पदावर आले. "पण लिमिट किती, ते मी ठरवलं नाही. ती कमिटीनं ठरवली. वाट्यांप्रमाणे."

"कुठल्या वाट्यांप्रमाणे?"

"भट्टीच्या."

इथे तुम्हाला भट्टीबद्दल सांगायला हवं. आपल्या घरांचं रंगाचं काम चालायचं तेव्हा सगळ्यांत मिळून एकच मोठी भट्टी होती, आणि तिच्यावर रंगाची कढई. प्रत्येक घराचे आठवड्यातले दिवस ठरलेले. मोठ्या घराला जास्त दिवस, लहान घराला कमी. त्यालाच वाटे म्हणायचे. भट्टी कधीच गेली, तिच्या जागेवर आज मोटारी उभ्या राहतात, पण वाटे लोकांच्या डोक्यात जसेच्या तसे आहेत. मंडळाच्या जेवणात कुणी आधी बसायचं इथपासून वर्गणीपर्यंत सगळं त्यावर चालतं. आणि आता कमिटीनं तेच वाटे सर्व्हरला लावले होते! ज्या घराचे भट्टीचे दिवस जास्त, त्या घराच्या वेबसाइटला जास्त डेटा. साड्यांच्या दुकानाला सगळ्यांत मोठा वाटा. त्या वेबसाइटवर दुकानाचा एक फोटो, पत्ता आणि कधीकाळची दिवाळीची सूट, एवढंच आहे. आवाजांची वेबसाइट कुणा एका घराची नाही, म्हणून तिला उरलंसुरलं.

मी विचारलं, "बाकीच्यांचा वाटा संपतो का?"

"कुठला संपतो मिस! निम्मासुद्धा कुणाचा लागत नाही."

"मग महिनाअखेरीला त्या उरलेल्याचं काय होतं?"

"काही नाही. वाया. एक तारखेला सगळं शून्यापासून."

म्हणजे डेटा भरपूर होता. कुणी वापरत नव्हतं. कुणाला नको होता. आणि तरीही बन्नूरला एक बाई बंद पानावर बोट आपटत बसल्या होत्या. मला सांगा, याला काय म्हणायचं? गरिबी असती तर मी समजून घेतलं असतं.

मी कमिटीच्या बैठकीत हा विषय ठेवा असं कळवलं. बैठक मंडळाच्या कार्यालयात, सकाळी, कॉफी आणि चौ-चौ भातासह, म्हणजे एका प्लेटमध्ये उपमा आणि शिरा. चिटणीस म्हणजे साड्यांच्या दुकानाचे मालक. माणूस गोड बोलणारा. गोड बोलून नाही म्हणणाऱ्यांशी भांडणं फार कठीण असतं.

"काकू," ते म्हणाले, "तुमचं काम फार चांगलं आहे, हौदु, खरंच. पण आवाज जड असतो. आमच्या लोकांनी एक उपाय काढलाय. सगळ्या गोष्टी लिहून काढू आणि आवाज काढून टाकू. अक्षरांना काही डेटा लागत नाही. वाचतील की पोरं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या हातातली कॉफी मी खाली ठेवली.

"कुठल्या लिपीत लिहाल?" मी विचारलं. "यांतली निम्मी मुलं देवनागरी वाचत नाहीत. आणि 'सुम्ने बस'मधला लाड कसा लिहाल?"

माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं मधला मार्ग सुचवला. "मिस, निदान सुरुवातीचं काढू. प्रत्येक गोष्टीत ते 'जेवलीस काय, तोंडानं सांग, हो जेवले' आहे. तेवढं सगळीकडून कापलं तरी थोडं वाचेल."

मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते पुन्हा वर्गातल्यासारखे मागे टेकले.

चिटणीस हसून म्हणाले, "काकू, रागावू नका. बन्नूरच्या आजींच्या फोनमध्ये तुम्ही गोष्टी घालून दिल्यात म्हणे. मग अडचण कुठे राहिली? आणि वाट्यांचं म्हणाल, तर ते आम्ही नाही केले. वाडवडिलांपासून चालत आलंय. ज्याचा जेवढा वाटा, तेवढा त्याचा."

हे मात्र मला सहन झालं नाही. जाऊबाईंची भट्टीवरची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलेली आहे की मला तोंडपाठ आहे. मी म्हटलं, ती गोष्ट इथेच लावते, तुम्हीच ऐका तुमच्या वाडवडिलांचं. फोन काढला. अर्थात महिन्याची अखेर होती. तीच पांढरी ओळ. कुणीतरी हसलं. मला वाटतं, घाबरून हसलं.

मग मी फोन पर्समध्ये ठेवला आणि ती गोष्ट स्वतःच सांगितली. जाऊबाईंच्याच शब्दांत, जसं त्या बोलतात तसं. तोवर मी त्या खोलीत कायम पुस्तकी मराठी बोलत आले होते. "ऐका की ओ. दिवस ज्याचे त्याचे होते, खरं. पण ज्याच्याकडे रंगवायला कापड नाही, त्यानं आदल्या सांजेला सगळ्यांच्या दारात जाऊन सांगायचं. उद्या आमचा दिवस, कापड नाही, कुणाला पाहिजे? सांगितलं नाही तर..."

इथे मी श्वास घेतला, आणि कोपऱ्यात बसलेले छापखान्याचे वृद्ध मालक, जे बैठकीत कधीच तोंड उघडत नाहीत, ते प्लेट मांडीवर धरून म्हणाले, "...सांगितलं नाही तर त्याचा पुढचा दिवस जायचा. भट्टी रिकामी जळू द्यायची नाही. माझा बाप सांजेला दारोदार फिरायचा. मला पण न्यायचा." मग चिटणीसांकडे वळून म्हणाले, "तुझे आजोबा कधी यायचे नाहीत सांगायला. त्यांना लाज वाटायची कापड नाही म्हणून सांगायला. नुसतीच लाकडं जाळायचे. अजून तेच चाललंय की तुमच्यात."

खोलीत असा हशा झाला की चिटणीसांनाही हसावं लागलं. ते लाल झाले होते.

म्हणजे यांनी चालीरीतीतली अर्धी तेवढी लक्षात ठेवली, जी स्वतःच्या सोयीची होती ती. वाटा लक्षात राहिला. न लागणारा वाटा आदल्या संध्याकाळी सोडायचा असतो, हे विसरले. आणि अशा अर्ध्या आठवणीला वाडवडील म्हणायचं, आणि तिच्या जोरावर माणसांना मशीन ठरवायचं!

माझ्या विद्यार्थ्यानं सांगितलं की प्रत्येक साइटची वेगळी लिमिट काढून टाकता येते. मग सगळ्यांचा डेटा एकत्र, ज्याला लागेल तो वापरेल. चिटणीस म्हणाले, "पण सगळं मिळून संपलं, तर सगळ्यांच्याच साइट बंद होतील."

"होऊ द्या," मी म्हटलं. "तुमच्या दुकानाचं पान एक दिवस बंद पडलं की तुम्हीच पहिले धावाल."

"बरं बरं, इरली," ते म्हणाले. असू दे. "काकूंसाठी एवढं करू."

मी त्यांना सांगितलं की हे माझ्यासाठी नाही, आणि मेहेरबानी तर मुळीच नाही. इतिवृत्तात 'काकूंच्या विनंतीवरून' असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. तुमचे आजोबा असते तर म्हणाले असते, काम झालं ना, मग पुरे. पण मला वाटतं, जो हक्क होता तो विनंती म्हणून नोंदवून ठेवला, तर पुढचा चिटणीस ती विनंती मागे घेऊ शकतो.

अजूनही मी पूर्ण निवलेले नाही. ज्या दिवसांत त्या बाईंनी शब्द कमवायला हवे होते, ते दिवस कुणी परत देणार नाही. उपचार करणाऱ्या बाई म्हणतात, सुरुवातीचे महिनेच मोलाचे असतात. त्यातले किती बंद पानापुढे गेले ते मी मोजत बसत नाही. चिटणीस अजून मला देवळात भेटले की हसून नमस्कार करतात. मीही करते. पण माझा राग त्यांना दिसतो, आणि दिसावा.

परवा बन्नूरला गेले होते. मशीन नेलं होतं, पण काढणार नव्हते. जाऊबाईंनीच माझ्या पिशवीकडे बोट केलं. मी मशीन त्यांच्यापुढे ठेवलं, चालू केलं. बराच वेळ काही झालं नाही. दुकानात कुणी कापड फाडत होतं तो आवाज तेवढा आला. मग त्या म्हणाल्या, "जेव..." आणि थांबल्या, आणि पुन्हा सुरुवात केली. "जेवलीस... का."

मी मान हलवली. त्यांनी खाटेवर हात आपटला.

"हो, जेवले," मी तोंडानं सांगितलं.

ते मी कापलेलं नाही, कापू देणारही नाही. आवाजांची वेबसाइट आता महिन्याच्या शेवटच्या तारखेलाही उघडते. त्यावर जाऊबाईंच्या जुन्या सगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळ्यांत खाली त्यांचं हे नवं बोलणं आहे.